सुताच्या काट्यावर कांडी

डॉक्टर हुद्दारांनी सुई घातली कांडीच्या पोटात
आणि नळीत चढलं ते पाणी नव्हतं.
पिवळं, चिकट,
आमच्या खळीसारखं, बोटावर तार धरणारं.

"कोरोना," म्हणाले, आणि लगेच,
"तो नव्हे हो. हा मांजरांचा. माणसाला होत नाही."
पण वडगावात आमच्या पिशवीआधी तो शब्द पोचला.
निंगव्वानं कट्ट्यावरची दुधाची वाटी उचलली,
"बेक्कू आत घेऊ नको गे,"
आणि दार अर्धंच लावलं, ओशाळून.

घरात सात मांजरं. रेशमाला उंदीर लागू नयेत म्हणून.
एकच पत्र्याचा ट्रे, त्यात बंबाची राख.
सातांनी तिथंच उकरायचं, तेच पंजे चाटायचे.
तिथूनच तो फिरला.
सगळ्यांच्यात असेल म्हणे, एव्हाना,
दोन दिवस पातळ शी, की संपलं.
एखादीतच उलटतो.
का उलटतो?
डॉक्टर हात पुसत राहिले.

अडीच हजार तारांतली एक
फणीत भलत्या घरातून जाते
आणि साडीभर रेघ पडते.
मागाला काय त्याचं.
तो खटखट करतच असतो.

औषध कोल्हापूरहून, एसटीच्या ड्रायव्हरकडं,
चपलांच्या खोक्यात.
कोगनोळी नाक्यावर त्या साली
आक्काच्या मातीला निघालेल्या माझ्या भावाला
कागद नाही म्हणून परत लावलेलं.
खोक्याला कुणी थांबवलं नाही.

चौऱ्याऐंशी दिवस. वजनावर मात्रा.
म्हणून रोज सकाळी, सावकाराचं रेशीम मोजायच्या आधी,
कांडी काट्यावर.
नागेश कार्डात आकडा लिहितो.
वर तिचं नाव कन्नडात आहे, मला येत नाही वाचायला,
त्यानं बोट ठेवून दाखवलं: हे कां, हे डी.
बाकीच्या सहांना वेगवेगळी घमेली केलीत.
तरी रात्री ती सगळी
तिच्याच पेटीला टेकून निजतात.

आज एकविसावा दिवस. काटा साठ ग्रॅमनं खाली बसला.
नागेशनं उडी मारली.
मी तिच्या पोटावर तळवा ठेवून बसलेय अजून.
हे वाढलंय ते मांस
की पुन्हा ती खळ,
हाताला कळेना.
शेजारचा माग थांबला तर
कान लावून बघेन.