पक्कड

या उन्हाळ्यात एकूण सात टोमॅटो.
त्यातले चार अर्धे.
म्हणजे पॉसमनं एकेक घास चाखून
तसेच देठाला लटकत ठेवलेले,
चपलांच्या दुकानात
एकेक जोड पायात घालून बघावा
आणि काहीच न घेता निघावं, तसं.

बार्तोश म्हणाला, रात्री रेडिओ लावून ठेव.
लावला. जानेवारी महिना,
कुठल्याशा जुन्या कसोटीचं समालोचन चालू.
दोन वाजता खिडकीशी आले तर
पॉसम खांबावर बसून ऐकतंय,
हातात माझी झुकिनी,
आणि विकेट पडली तेव्हा
चावायचं थांबलेलं, शपथेवर सांगते.

बार्तोशची बाग म्हणजे किल्ला.
पोलंडहून आला आणि तीस वर्षं
इथल्या धरणांवर काँक्रीट ओतलं त्यानं,
आत काय आणि बाहेर काय राहायला हवं
हे त्याला विचारावं.
जाळी जमिनीखाली दीड फूट,
वरून बाहेर वाकवलेली,
आणि आत त्याचे कोबी,
गुबगुबीत, जन्मठेपेचे.

माझं कुंपण कॉलमनं घातलं.
घालायला घेतलं.
पूर्वेची बाजू त्याच्या हातची, पश्चिमेची माझी,
आणि दोन्ही जिथे भेटायच्या होत्या
तिथे वीतभर फट.
मग तो आठवड्यासाठी बहिणीकडे मेलबर्नला गेला.
त्याला आता नऊ वर्षं झाली.
फट आहे.

फटीतून पॅडीमेलन येतात:
कांगारूचं बुटकं, गोल, रात्रपाळीचं भावंड.
पालक, अजमोदा, घेवड्याचे कोंब.
आंधळं दळतं, इथपर्यंत ठीक,
पण इथलं पीठ खाणारं
निवडून खातं, आणि
मुळ्याला तोंडसुद्धा लावत नाही.

एक होती मात्र, जिची मी वाट बघायचे.
निळ्या जिभेची सापसुरळी,
मनगटाएवढी जाड, आखूड पायांची.
सकाळी अकराच्या ठोक्याला
कंपोस्टच्या पत्र्यावर येऊन पसरायची.
मी तिला पोस्टमास्तरीण म्हणायचे.
जमिनीला टेकलेली स्ट्रॉबेरी तिची,
वरची माझी, असं काहीतरी
न बोलता ठरलेलं.

फेब्रुवारीत गोगलगायी फार झाल्या.
एका रात्रीत लेट्यूसची अख्खी ओळ,
नुसत्या शिरा उरलेल्या.
दुकानातून डबा आणला, निळ्या गोळ्यांचा.
डब्यावर गोगलगायीचं चित्र, फुली मारलेली.
सापसुरळीचं चित्र नव्हतं.

गोगलगायी मेल्या.
मेलेल्या गोगलगायी कोण खातं
हे मला माहीत होतं.
नव्हतं, असं आता म्हणता येणार नाही.
नळाजवळ सापडली ती,
तोंड उघडं, आणि ती जीभ,
शाईसारखी.

र्‍हुबार्बखाली पुरली.
डबा बार्तोशला दिला, त्याच्या शेडमध्ये कुलपात ठेवायला.
तो काही बोलला नाही,
संध्याकाळी बिटाचं सूप आणून दिलं
आणि भांडं परत न्यायला
चार दिवस आला नाही.

आता रात्री टॉर्च आणि दह्याचा रिकामा डबा घेऊन
मी गोगलगायी हातानं वेचते.
वेचून कुंपणावरून बार्तोशकडे टाकते.
परवा दोघंही एकाच वेळी कुंपणाशी,
दोघांच्याही हातात डबा.
"किती वर्षं?" मी विचारलं.
"तू?" तो म्हणाला.
म्हणजे त्याच त्या गोगलगायी,
बहुधा आम्हाला ओळखत असतील.

काल रात्री टॉर्चमध्ये फटीपाशी
पॅडीमेलनची मादी.
ती माझा घेवडा खात होती, उभ्यानं,
आणि पोटाच्या पिशवीतून डोकं काढून
पिल्लू त्याच्या उंचीला जे लागेल ते,
गवत, एक वाळकं पान,
कॉलमनं रोवलेल्या खुंटीवरचं शेवाळ.
मी टॉर्च विझवला.
अंधारात चावण्याचे दोन आवाज,
एक मोठा, एक अगदीच नवशिका.

पाव वाढायला घेतलाय,
टोमॅटो तीन आहेत, एक बार्तोशचा.

उद्या त्या फटीवर तार ओढायची आहे.
पक्कड कुठे ठेवली ते आठवत नाही.

आठवतं.