काच सतरावी

पेटीवर पेन्सिलीनं लिहिलंय : गोदातीर, कामकरी.
बावीस काचा. दोन फुटलेल्या.
माझं काम एवढंच :
मऊ ब्रशनं बुरशी झाडायची,
दिव्याच्या डब्यावर काच ठेवायची
आणि वहीत एक ओळ लिहायची, काय दिसतं.

काचेत सगळं उलटं.
आभाळ काजळी, धोतरं काळी,
उन्हात रापलेले चेहरे पिठासारखे पांढरे.

तिसरीत नाव आहे,
पलीकडे पंचवटीला माणसं उतरवणारी.
दोर दिसतो, दोराची गाठ दिसते,
फळीतला खिळासुद्धा.
नावाडी कमरेपर्यंत आहे. वर नुसती वाफ.
तो वल्हं मारत होता.

अकरावीत हंडे. सहा. पोटाशी ठोक्यांची नक्षी.
ते राखेनं घासणारा तांबट म्हणजे
दोन पायांवर उभा ढग.

गाढवं बरी आलीत.
पाठीवर वाळू घेऊन गाढवं उभी राहतात.
आणि छत्रीखालचे कुणी रावसाहेब,
घड्याळाच्या साखळीसकट, मिशीच्या केसासकट.
ज्याला काही करायचं नव्हतं
तो नीट आला.

फोटोग्राफर ओढेकरांची वही सोबत आहे, वाळवीनं अर्धी खाल्लेली.
सोळावीसमोर लिहिलंय :
'भिंग उघडे तीन सेकंद. धोबीण हलली. काच वाया.'
सतरावीसमोर :
'दोन आणे दिले. हलली नाही.'

सतरावी खरंच सुंदर आहे.
दोन्ही हात वर, हातात कपडा,
दंडावरचं गोंदण वाचता येईल इतकं स्वच्छ,
मागे नारोशंकराचं शिखर, थोडं कललेलं.
छापायची ती हीच, असं ठरलंही होतं.
फक्त नाव हवं होतं.

म्हणून सखाहारी परीट आले, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून.
ऐंशी केव्हाच उलटलेली.
त्यांची आजी त्याच घाटावर होती म्हणे.
चष्मा कपाळावर सारला, काचेला नाक लागेल इतके वाकले.
'बाई, ही धूत नाहीये.'
म्हटलं, धोबीण आहे, वहीत तसं—
'असंल. पण धूत नाहीये.
ओलं धुणं डोक्यावर असं धराल तर
पाणी डोळ्यांत उतरतं, बगलेत उतरतं.
हे कोरडं आहे. हिला उभी केलीय.'

मग त्यांनी सोळावी मागितली, वाया गेलेली.
तिच्यात काय आहे?
एक दगड, कोपऱ्याला तडा गेलेला,
आणि त्यावर खालून वर, वरून खाली
पंख्यासारखा पसरलेला धूर.
चेहरा नाही. हातही नाहीत.

फार वेळ बघितलं त्यांनी.
बोट काचेच्या वर, अंतर राखून.
'ही टाच बघा. डावी.
आपटायच्या आधी उचलते.
आमच्या घरात असंच. आजीनं आईला शिकवलं,
आईनं मला. बाकी घाटावर सगळे उजवी उचलतात.'
आणि कार्यालयाच्या फरशीवर, चपलेतून,
म्हाताऱ्यानं डावी टाच उचलली,
रिकामे हात खांद्यावरून मागे नेले,
आणि खोकला आला म्हणून थांबले.

नाव?
'आम्ही आजी म्हणायचो.'
दगड?
'आहे की. काँक्रीटखाली.
बुधवारी तिथं कांदे-बटाट्याचा ढीग असतो.'

चहा झाला. नातू खाली हॉर्न देत होता.
सोळावीसमोर मी 'खराब' लिहिलं होतं, ते खोडलं.
लिहिलं : परिटीण, कामावर.
जिन्यात ते मध्येच थांबले, कठडा धरून.
'दोन आणे दिले म्हणता?'
हो.
'मोठी रक्कम तेव्हा.'
दोन पायऱ्या उतरले. परत थांबले.
'मग त्या दिवशीचं धुणं
केलं कुणी?'