विंचू काढलेला जोड

आमच्या धंद्यात तळाच्या दोन कातड्यांमध्ये
एक बी ठेवतात. विंचू म्हणतात तिला.
पाऊल पडलं की ती बोलते, कर्र, कर्र.
माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच
घरात कळतं, कोण आलं.

माझे वडील विंचू बसवण्यात वस्ताद.
गिऱ्हाईक आधी कान लावायचं, मग पैसे काढायचं.
तालमीतली पोरं म्हणायची, तात्या, अशी वाजू दे
की बिंदू चौकात पाय टाकला
तर गंगावेशीत मान वळली पाहिजे.

राजनंदिनी दोन वर्षांची होती.
मी दारात पाऊल टाकलं की किंचाळायची.
शेजारी म्हणाले, पोरगी बापाला भ्याली.
आई म्हणाली, दृष्ट.
मीठमोहरी झाली, अंगारा झाला,
गळ्यात ताईत बांधला, तो तिनं दातानं तोडला.
दोरा टोचत होता. हे आज कळतंय.
मेहुणे म्हणाले, एक ठेवून द्या, सुतासारखी सरळ होईल.
ठेवून दिली.
खोटं कशाला बोलू.

सीपीआरमध्ये डॉक्टरीण बाईंनी कागदावर लिहिलं, स्वमग्नता.
शब्द मी सुभाषनगरात घरी आणला,
आरीच्या टोकानं शिवण उसवावी तसा उसवला.
स्व. मग्न.
स्वतःत बुडालेली?
अहो, हिला तीन घरं पलीकडचा मिक्सर
आमच्या आधी ऐकू येतो.
ट्यूबलाइटची गुणगुण, कुणाच्या तरी अंगावरची पावडर,
फ्रॉकच्या मानेमागची ती एवढीशी पट्टी,
सगळं एकदम आत शिरतं, पायातलं न काढता.
तुमच्या-माझ्या मनाला उंबरा आहे,
तिथं कुणीतरी बसलेलं असतं,
तू ये, तू जरा थांब म्हणणारं.
हिच्या उंबऱ्यावर कुणी बसलेलंच नाही.
पुढच्या खेपेला मी म्हणालो,
"बाई, पोरगी कुठं बुडाली न्हाई,
हिच्या घरात सगळं गाव शिरलंय."
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं त्यांनी.

लोक विचारतात, मग हिच्यात काहीतरी खास असंल की?
टीव्हीत दाखवतात तसं? गणित? चित्रं?
काही नाही.
वेणीचे उरलेले तुकडे लांबीनं लावायला आवडतात तिला,
आणि लावून झाले की मोडायला.
दहा वर्षांची झाली. जेवताना रस्सा भाताला लागलेला चालत नाही.
तांबडा तर नाहीच, पांढरासुद्धा.
कोल्हापुरात राहून, बोला.

एका सोमवारी, बाजार बंद असताना,
मी माझाच जोड पाटावर घेतला.
तात्यांच्या हातचा. एकवीस वर्षांचा.
त्यांची शिवण कापताना रापी दोनदा थांबली.
आत बी होती तशीच, काळी, गुळगुळीत झालेली.
काढली. तळ परत शिवला. पाणी मारून ठोकला.
संध्याकाळी घरात शिरलो
तर ओरडली नाही.
पळत येऊन बिलगली, असंही नाही.
माझ्या पायांकडे बघत राहिली बराच वेळ,
जणू पायच आलेत, बाकीचा मी अजून वाटेत आहे.

बी डबीत ठेवली होती. ती तिनं शोधली.
दोन कातड्यांच्या तुकड्यांत धरून चोळली.
कर्र.
मी पुढं धावलो, आता किंचाळणार म्हणून.
थांबली. कान दिला. परत चोळली. कर्र.
वाजवणारा हात स्वतःचा होता.
कधी वाजणार, हे तिला आधी ठाऊक होतं.
एवढंच पाहिजे होतं व्हय गं?
आठ वर्षं?

आता मी येतो तेव्हा घरात कुणाला कळत नाही.
दारात उभा राहतो, चौकटीवर बोट टेकवून.
आतून कधी कर्र येतो, कधी येत नाही.
आला की समजतो, या म्हणते.
कदाचित तसं काही म्हणत नसेलही.
मी पायातलं काढून ठेवतो.