सहावी जोडी

तांब्याच्या लाइनी एकतीस मार्चला बंद, असं पत्र आलं.
धरमशीभाईंनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, वर पेपरवेट.
म्हणजे काम माझं.

मी वही आखली. रकाने चार:
नंबर, कुठे जातो, कशाला लागतो, शेरा.
तुर्भ्याला आमचं कोल्ड स्टोरेज,
वाटाणा, आमरस, कोळंबी, कुणाकुणाचं आइस्क्रीम,
आणि बिल येतं सहा लाइनींचं.

माणसांना विचारलं तर जो तो म्हणाला, मोबाइल आहेत की.
भिंतींना विचारलं तर वेगळंच निघालं.
लिफ्टमधला लाल फोन. आगीचं पॅनेल.
कार्ड घासायचं मशीन. ऑफिस.
फॅक्स, जो केव्हाच मेला असं सगळे समजून होते
आणि देवगडची एक पार्टी रोज सकाळी
त्याच्यावरच गेटपास पाठवत होती.
सहावीला धनी सापडेना.

मग मढवींना बोलावलं. घणसोलीचे, रिटायर लाइनमन,
कमरेला अजून तो दोन चिमट्यांचा फोन.
डबा उघडला: गंज, पालीची अंडी, केसांसारख्या तारा,
त्यातली एक जोडी नखानं उचलून म्हणाले,
"जिती हाय. ऐक."
कानाशी ती जुनी एकसुरी गुणगुण.
"लाइट गेली तरी हिला काय नाय होत.
एक्स्चेंजच्या बॅटरीवर जगते बिचारी.
तुमची ती काचेची तार, तिला तुम्हीच भरवायचं."
मी शेऱ्यात लिहिलं: यूपीएस, आठ तास, कोटेशन मागवणे.

तारेमागे तार धरत आम्ही गेलो
चेंबर तीनच्या मागे, रंगाच्या दोन थरांखालून
एका राखाडी पेटीपाशी.
पारा उणे बाराच्या वर आला
की ही आपण होऊन फोन लावते, मढवी म्हणाले.
कुणाला?
ते हिलाच ठाऊक.

सेन्सर काढून मी मुठीत धरला. चटका बसला.
थोड्या वेळानं माझ्या हाताची ऊब पेटीला धोका वाटली.
आतून टकटक. रिंग. चौथ्या रिंगला कुणी उचलला,
पण हॅलो नाही.
पेटीच बोलू लागली, खर्जातला, नीटनेटका पुरुषी आवाज:
"अठल्ये बोलतोय. चेंबर तीन. तापमान वाढतं आहे.
ताबडतोब बघून घ्या."
दोनदा.
मग पलीकडून एक म्हातारा बायकी आवाज,
"हो. सांगते."

दोन मिनिटांत गेटवरून रामसुमेर धावत आला,
तीन नंबर तापतोय म्हणाला.
कुणी सांगितलं?
नौपाड्याच्या माँजींनी, नेहमी त्याच सांगतात.

अठल्ये साहेब आमचे प्लँट इंजिनिअर.
पेटी त्यांनी बसवली, घरचा नंबर घालून.
साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली,
ऑफिसात फोटो आहे, दसऱ्याला हार घालतो.
पेटीला कुणी कळवलं नव्हतं.

संध्याकाळी मीच फोन लावला.
म्हटलं, नवीन यंत्र येतंय,
ते पाच मोबाइलवर एकदम मेसेज टाकतं,
आता तुम्हाला रात्रीबेरात्री त्रास नाही.
त्या जरा थांबल्या.
"आमच्याकडेही पत्र आलंय. आमची लाइन पंधराला जाते.
तुमची?"
एकतीस, मी म्हटलं.
"म्हणजे मधले सोळा दिवस ते लावत राहतील."

मागे त्यांचा कुकर शिट्टी देत होता.
मी काहीतरी म्हणाले, आता आठवत नाही.

वहीत सहावीपुढे लिहिलं:
सगळ्यात आधी ही बदलणे, चौदाच्या आत.
खाली, पेन्सिलीनं:
पेटी भंगारात देऊ नये.