चार पत्रे

हळदीच्या पोत्यांवर मार्का मारायला
माझ्याकडं चारच पत्रे उरलेत:
ए, ई, आर, टी.
बाकीचे कृष्णेनं नेले की भंगारवाल्यानं, आठवत नाही.

शाळा सुटली की यास्मिन येते,
पिवळ्या धुळीत चपला काढून बसते,
पत्रे फिरवते.
"अब्बा, हे ईट. खा.
टी पुढं घेतला, झाला चहा.
आणि हे एट, खाल्लं."
तीन अक्षरांत जेवण उरकलंसुद्धा!

आर घातला की रॅट.
तो गोदामात आहेच, त्याला कशाला लिहायचं.
आर्ट म्हणजे कला, म्हणाली.
मी ब्रश पुसत राहिलो.

तिकडं सौदा सुरू झाला, रुमालाखाली बोटं.
तिनं चारी पत्रे ओळीनं लावले: रेट.
मग तेच उलटेपालटे करून थांबली.
"हे लिहायला एकच, अब्बा.
टेअर म्हटलं तर फाडणं,
टिअर म्हटलं तर डोळ्यातलं पाणी."
"कळायचं कसं?"
"मागचापुढचा शब्द बघून."

पोत्याला कुठला मागचापुढचा शब्द?
एका उसवलेल्यावर तिनं तो छापलाच.
तोलाईवाला थबकला,
"हा कुणाचा मार्का, दस्तगीर?"
म्हटलं, आमचाच.