सुकाणूचं माप

पहिलं सुकाणू कापलं गोडेतेलाच्या पिप्यातून,
तळहाताएवढं.
डिंपल म्हणे, मोठं असलं का मस्त वळते.
मी गप्प. माझं दुकान मोटरी भरायचं,
पाण्यावरचं मला काय कळतं.

नाव हातभर लांब, शिवणीच्या फळीची,
आत बंद पडलेल्या ड्रिलची मोटर,
रिमोट मंडईतून आणलेल्या मोडक्या गाडीचा.
तलावाच्या पाळीवरून सोडली तशी सुसाट निघाली.
डिंपलनं डावीकडे दाबलं
आणि मागून कुणी हाक मारावी
तशी जागच्या जागी गर्रकन फिरली.
पालथी. बुड उन्हात.

मोटर रात्रभर साठच्या बल्बखाली वाळवली.

दुसरं कापलं सिमकार्डाएवढं.
आता वळायचं नावच नाही.
डावं दाबा, उजवं दाबा, नाक समोर.
सरळ शिरली झिबल वलथरेच्या शिंगाड्यात,
वेलांनी पंखा गुंडाळून घेतला.

झिबल डोंगा घेऊन निघाला, शिव्या देतच.
काटे चुकवत एकेक वेल सोडवला,
नाव उलटी करून मागं पाहिलं.
'हे सुकानू हाय का टिकली वं?'
'मंग केवढं पायजे, काका?'
वल्ह्यावरचं पाणी निथळू देत तो म्हणाला,
'पयले हे सांग, जाते किती जोरानं.
माह्या डोंग्याले हातभर पाटी लागते,
थो चालते बैलावानी.
पळत्याले बोटभर पुरे.
अन् उभ्या डोंग्याले...'
पुढचं बोललाच नाही, बिडी शोधत बसला.

तिसरं जरा मोठंच कापलं
आणि कानस खिशात घेऊन पाळीवर बसलो.
सोड, पाहा, काढ, घास.
कधी नखभर, कधी नखाच्या कडेएवढं.
डिंपलनं वहीत रेघा मारल्या, अकरा.
अकराव्या वेळी नाव
पाण्यातल्या पळसाच्या बुडख्याला वळसा घालून,
मागं एक लांबट कोयरी सोडत
तिच्या पायाशी येऊन थांबली.
आम्ही ओरडलो नाही.
बुडख्यावरचा बगळासुद्धा उडाला नाही.

तळहाताएवढा पत्रा झिबलनं मागून नेला,
डोंग्याच्या भोकावर ठोकला.

काल डिंपलनं नवी बॅटरी लावली, दुप्पट ताकदीची.
आज सकाळी दुकानात आली, कमरेपर्यंत ओली,
बगलेतल्या नावेतून पाणी गळतंय.
'बाबा, कानस कुठी हाय?'