पाऊणकी

खाडीला आम्ही समुद्र म्हणत नव्हतो.
समुद्र लांब, वाशीच्या पुलाच्याही पलीकडे,
निळा, पुस्तकातल्या चाळिसाव्या पानावरचा.
आमचं पाणी तागाच्या पोत्याच्या रंगाचं,
दिवसातून दोनदा घर सोडून जाणारं.

वाघचौरे बाईंनी चित्राला विषय दिला : समुद्रकिनारा.
मी तपकिरी खडू संपवला.
बाई म्हणाल्या, हे शेत आहे का?
तसं अगदीच खोटं नव्हतं.
ओहोटीला गोमीआत्या कंबरेत वाकून कालवं काढायची,
बांधावरून पाहिलं तर लावणीलाच आलेली वाटायची.

आईला अक्षर येत नव्हतं. पाऊणकी येत होती.
तिथीची पाऊणकी करायची,
तेवढ्या वाजता दिवाळ्याच्या धक्क्याला पाणी भरलेलं.
चतुर्थी, चार पाऊण तीन.
अष्टमी, आठ पाऊण सहा,
पण ते भांगाचं पाणी, येईल न येईल,
त्याच्या भरवशावर होडी सोडू नये.
आमच्या अंकलिपीत पाऊणकी नव्हतीच.
मी ती मासळी निवडताना शिकले,
हात जवळ्यात, तोंड आईकडे.

हरेश्वरची डावी स्लिपर चिखलानं गिळली.
निळ्या पट्ट्याची, सात दिवस जुनी.
त्यानं खांद्यापर्यंत हात घातला,
चिंबोरी लागली, रक्त आलं, स्लिपर नाही.
निवटे बिळातून डोळे काढून बघत होते.
मग त्यानं उजवीही काढून भिरकावली.
एक हरवली तर मार बसतो, म्हणाला,
दोन हरवल्या तर चोरीला गेल्या.
मार बसलाच.

माणसं आली, साखळी घेऊन, लाल झेंड्या घेऊन.
मिठागरात झेंड्या रोवल्या तेव्हा
आम्हाला वाटलं, जत्रा भरणार.
पुढं बाबा सारखं एकच बोलायचे, साडेबारा टक्के.
मी सातवीत. शेकडेवारी नुकतीच शिकवलेली.
कर गो हिशेब, म्हणाले.
पाटीवर केला, वहीत केला, ताळा केला.
उत्तर बरोबर होतं.
बाबा म्हणाले, परत कर.

आता मी नेरुळला, चौथा मजला.
सोसायटीची नोटीस लिफ्टशेजारी :
ओहोटीच्या वेळी वास येतो, खिडक्या बंद ठेवाव्यात.
सेक्रेटरी मीच. सही माझी.
आमच्या घरात तेवढी एक खिडकी नीट लागत नाही,
सुताराला अजून सांगायचं राहिलंय.

हरेश्वर होडीतून लोकांना रोहित दाखवायला नेतो.
सगळ्यांना नारिंगी जॅकेट, कॅमेरे, कुणाला तरी उलटी.
निघायची वेळ तो मोबाइलवर बघतो.

परवा गेले तर आई खाटेवर, भिंतीकडे तोंड.
आज तिथ कनची?
पंचमी.
पाच पाऊण पावणेचार, तिनं झटकन सांगितलं.
मोबाइलमध्ये चार वाजून पाच.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
वीस मिनटां पानी कुठं थांबतं गो?

हरेश्वर दारातून म्हणाला,
माझी स्लिपर शोधत असंल.

मी हसले. तोही.
आईनं अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला
आणि प्रतिपदेपासून
परत मोजायला घेतलं.